बुडासकट सात्या

"टोपी काऊन पाहून राहिले गुरुजी? बूड पाहा," म्हणत मावशी सात्या उलटी करायची. ती आता नाही. पण पावसाळ्यात देवरीच्या बाजाराला गेला असाल, तर पळसाच्या पानांवर या रानअळंब्या मांडून बसलेली ती तुम्हीही पाहिली असेल.

ती सात्या कधी कापत नसे. काडीने वारुळाची माती खोल उकरायची आणि लांब, निमुळत्या मुळीसकट काढायची. दिसायला तशीच, पण विषारी अशी दुसरी एक असते. तिच्या दांड्याला बांगडी, बुडाशी गाठ, आणि जून झाली की टोपीखाली हिरवट रंग.

"दोघी बहिनीच. एक जेवू घालते, दुसरी आडवी पाडते."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा शाळेमागच्या गवतातून मीच अळंब्या आणल्या, ब्लेडने स्वच्छ कापून, आणि सगळ्या शेजारणीला दिल्या. तिने अर्ध्या शिजवल्या, अर्ध्या सुपात वाळत घातल्या. दुपारी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेताना तिच्या नवऱ्याने विचारलं, "गुरुजी, कुठल्या होत्या?"

"बाजारातल्या," मी म्हणालो.

शेजारीण वाचली. पुढच्या बाजाराला ती सूप घेऊनच आली आणि तिने ते मावशीसमोर आदळलं. माणसं जमली. "उठवा हिले इथून," कोणी तरी म्हणालं. तीस पावसाळ्यांची जागा होती ती.

मावशी उठली नाही. सुपातली एक उचलून तिने स्वतःच्या सात्येशेजारी ठेवली.

"हे बांगडी पाहा. हे हिरवं पाहा. आन बूड कुठं हाये? मी कापलेली सात्या कोनी नेली असन, तं सांगा."

एक म्हातारा वाकला, दोन्ही नीट न्याहाळल्या आणि म्हणाला, "पावशेर दे." त्याच्यामागे रांग लागली.

मी पुढे झालो. सगळ्यांसमोर म्हणालो, "मावशी, त्या मी कापल्या होत्या. खोटं बोललो."

तिने तराजूवरून मान वर केली नाही.

"ठाऊक हाये. एवढं निगुतीनं कापनारा गावात एकच मास्तर हाये. सरका आता, गिऱ्हाईक उभं हाये."

मी सरकलो. माझ्यामागे शेजारीण उभी होती, पदर पसरून.