ठोकळे हळू का पडतात?

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. कारण असला गाढवपणा माझ्या हातून परत झाला नाही, आणि होईल असं वाटतही नाही.

तेव्हा मी संगमनेरला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय, फ्लॉपी कुठल्या बाजूनं आत घालायची हे ज्याला कळायचं, तो त्या काळी आमच्या भागात प्राध्यापक! त्याच रुबाबात मी घरी एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. म्हटलं, घरी बसून नोट्स टाइप करू.

कसल्या नोट्स! त्यात एक गेम निघाला. वरून रंगीत ठोकळे पडायचे, ते फिरवून खाली ओळीत बसवायचे. माझी बायको नीलिमा आणि माझी आई, दोघींना त्याचं असं वेड लागलं की घरात रोज वरण करपायला लागलं. पहिला नंबर मात्र कायम नीलिमाचा.

आई कुरकुरायची, "तुझी बोटं तरनी हायेत बाई. माझा ठोकळा वळायच्या आत खाली जाऊन पडतोय."

अशात मला दुर्बुद्धी सुचली. जुनं डॉस काढायचं आणि नवीन आलेलं विंडोज टाकायचं! रविवारी सकाळपासून फ्लॉपी घाल, फ्लॉपी काढ. आई शेजारी फडकं घेऊन पुसपास करत होती. संध्याकाळी पडद्यावर रंगीत चित्रं उमटली आणि मी घरात असा फिरलो, जणू विंडोज मीच लिहिलंय.

आनंद टिकला किती? दुसऱ्या दिवशी नीलिमा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच आली.

"अहो, ठोकळे हळू पडतायत."

"हळू म्हणजे?"

"म्हणजे वरून निघालेला ठोकळा खाली पोचेपर्यंत मी पोळी उलटून येते!"

जाऊन बघितलं तर खरंच! ठोकळा असा उतरत होता, की जणू त्याला खाली यायचंच नव्हतं. आणि समोर आई ऐटीत बसलेली. नीलिमाचा विक्रम मोडून वर दुप्पट गुण!

"आत्याबाई, हा विक्रम मी मानत नाही," नीलिमा म्हणाली. "माझा खऱ्या वेगातला होता."

"मग तू बी खेळ की आता."

"मी? असल्या खोट्या वेगात? कधीच नाही!"

झालं. दोघींचं बोलणं बंद. एकीला मीठ हवं असलं, तरी दुसरीला सांगायचं मी. आणि दोष कुणाचा? माझ्या विंडोजचा!

मी गंभीर चेहरा करून निदान केलं. "विंडोज जड आहे. मशीनला पेलत नाहीये." मग काय काय नाही केलं? फाइली उडवल्या. पडद्यावरचं शोभेचं चित्र काढलं. डिस्क आवरायला लावली. ठोकळे आपले रमतगमतच!

शेवटी चिडून विंडोजच काढून टाकलं. डिस्क कोरी केली, डॉस परत घातलं, गेम परत घातला.

तरी हळू!

आणि डिस्क कोरी केल्यामुळे दोघींचेही विक्रम साफ पुसले गेले. त्याचा एक फायदा झाला. त्या पुन्हा एकमेकींशी बोलायला लागल्या. विषय मी होतो.

आता तुम्हीच सांगा, मशीन तेच, डॉस तेच, गेम तोच, मग वेग गेला कुठे? माझं डोकं चालेना. एकच शक्यता उरली. लाईट! घरातला दाब कमी असणार. आमच्या नात्यातला बाळू वायरमन होता, त्याला बोलावून आणला.

"जयभीम सर. काय झालं?"

"बाळू, लाईट हळू येतीये."

"हळू?" तो दारातच थांबला. "सर, लाईट हळू येत नसती. येती, न्हाईतर जाती."

तरी बिचाऱ्यानं मीटर लावून बघितलं. "दाब बरुबर हाय."

"अरे नीट बघ! ठोकळे हळू पडतायत!"

त्यानं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग हळूच नीलिमाला विचारलं, "वहिनी, सरांची झोप होती ना नीट?"

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "आरं, त्याला कशाला तरास देतोस? ठोकळे भराभरा पाडायचेत व्हय?"

तिनं कप ठेवला, कॉम्प्युटरच्या डब्यावरचं एक बटन दाबलं, आणि ठोकळे गारांसारखे कोसळायला लागले!

"आई! हे काय केलंस?"

"बटन दाबलं. परत दाबलं की दमानं पडत्यात. तू ते नवीन घालत हुतास ना, तवा पुसताना हात लागला. मला त्येच बरं पडाया लागलं."

"मग सांगायचं नाहीस का इतके दिवस?"

"मला काय म्हाईत तू काय हुडकतोस! तू म्हनत हुतास, विंडोज जड हाय, लाईट कमी हाय. मला वाटलं, दुसरंच कायतरी मोठं बिघाडलंय."

नीलिमा वाकून बटनाशेजारची अक्षरं वाचायला लागली. "अहो, इथे टर्बो लिहिलंय!"

ते मीही रोज वाचत होतो हो! मला वाटायचं, ते कंपनीचं नाव आहे.

पण खरा घाम मला दुसऱ्या दिवशी कॉलेजात फुटला. लॅबमधल्या एकूणएक मशीनचं ते बटन बंद! पोरं वर्षभर ओरडत होती, "सर, लई हळू चालतंय." आणि मी सांगायचो, "घाई करू नका, कॉम्प्युटर विचार करतोय." कुणी यायच्या आत मी गुपचूप सगळी बटनं दाबली.

पोरं खूश. प्राचार्य तर इतके खूश, की त्यांनी मला तालुक्यातल्या शिक्षकांपुढे व्याख्यानालाच उभं करायचं ठरवलं. विषय, 'संगणकाचा वेग कसा वाढवावा'.

कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी निघालो, तर दारात नीलिमा. एकदम साळसूद चेहऱ्यानं म्हणते, "अहो, आत्याबाईंना घेऊन जा सोबत. कुणी प्रश्न विचारला म्हणजे?"