किकरला कुणी शिव्या देत नाही

कोल्हापूरच्या स्टँडवर माझी बॅग गाडीच्या डिकीत गेली तेव्हा तालमीची निम्मी टीम, तुम्ही सगळे, हजर होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वीस वर्षं पेठेच्या फुटबॉल संघाचा गोल राखलेला. ते शिक्षणाबद्दल काहीच बोलले नाहीत. गाडी हलताना खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाले, "पाय मोकळे ठेव. गंजतील."

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला मेकॅनिकलचं मास्टर्स करायला आलो. ते पहिलं वर्ष मी तुम्हा कुणालाच नीट सांगितलं नाही. वर्गात जर्मन, वोनहाइममध्ये, म्हणजे होस्टेलवर, बंद दारं. संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या मैदानावर एकटाच फ्री किक मारत बसायचो. चेंडू मीच मारायचा, मीच आणायचा.

शेजारच्या मैदानात अमेरिकन फुटबॉल चालायचा. तिथला कोच रे हा निवृत्त अमेरिकन सैनिक. एकदा त्यानं अंड्यासारखा चेंडू माझ्यापुढे उभा धरला आणि लांबच्या दोन उंच खांबांकडे बोट दाखवलं. मी मारला. खांबांच्या मधून गेला. "पुन्हा," रे म्हणाला. त्या संध्याकाळी मी किकर झालो.

या खेळात सगळे हातानं चेंडू घेऊन धावतात, एकमेकांना आडवे करतात. फक्त चेंडू खांबांमधून मारायला एक वेगळा माणूस ठेवतात. तो धावत आत येतो, एक लाथ मारतो, बाहेर जातो. उरलेला सामना तो कडेला, एका जाळीत चेंडू मारत एकटा उभा असतो. मास्टर्स संपलं, गेर्लिंगेनला अर्ध्या वेळेची नोकरी लागली आणि स्टुटगार्टजवळच्या एका वरच्या लीगच्या संघानं मला चक्क पगारावर घेतलं. पेठेत पेढे वाटले म्हणे. नक्की कशाचे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिथल्या दुसऱ्या सीझनमध्ये आई-अप्पा आले. सेमीफायनल होती. शेवटचे काही सेकंद, आम्ही दोन गुणांनी मागे, माझी किक खांबांमधून गेली तर तीन गुण. माझ्यासाठी चेंडू धरणारा योनास गुडघ्यावर बसला. मी मारला आणि पायाला लागल्या क्षणीच कळलं. चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला.

दोघातिघांनी हेल्मेटवर थाप मारली. "पासिएर्ट," म्हणाले. होतं असं. मग सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले.

पेठेकडून मी पेनल्टी घालवली होती तो दिवस आठवतोय ना? मी घरी पोचायच्या आत दारात तुम्ही वीस जण उभे होता. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. आठ दिवसांनी तुम्हीच ओढून मिसळ खायला नेलंत.

परतीच्या यू-बान ट्रेनमध्ये अप्पा माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "हरलास त्याचं न्हाई काय. पण तीन तास बघत हुतो. तुझ्याशी एक माणूस बोललं न्हाई."

"किकरला त्रास द्यायचा नसतो, अप्पा. पद्धत आहे इथली."

"शिव्या तरी द्यायच्या हुत्या की रं."

मी हसलो. मग पुढची तीन स्टेशनं खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला योनासला जेवायला बोलवायला लावलं. तो केक घेऊन आला. आईच्या तांबड्या रश्शानं त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी त्यानं दुसरी वाटी मागितली. अप्पा उठले आणि स्वयंपाकघरातच माझी चूक करून दाखवली. टेकायचा पाय चेंडूच्या फार जवळ पडला होता.

"गेनाऊ! अगदी हेच!" योनास ओरडला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मी पाहिलं होतं. वाटलं, तुला एकटं राहायचं असेल."

दोन सीझन तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसत होता, आणि ज्याला तो आदर समजत होता त्याला मी वाळीत टाकणं समजत होतो. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. पण पुढच्या वर्षी माझी मांडी दुखावली, संघानं अमेरिकेतून किकर आणला आणि मला शुभेच्छांचं चार ओळींचं ईमेल आलं. योनास नोकरीसाठी हांबुर्गला गेला. मी ऑफिसात पूर्णवेळ झालो. अप्पांना हे सांगायला मला तीन आठवडे लागले.

"मग ये की आता," ते म्हणाले.

"बघतो," म्हणालो.

परवाच्या सुट्टीत कोल्हापूरला होतो. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना सहज बोलून गेलो, "गुरुवारी घरी पोचलो की फोन करतो."

वाढता वाढता आईचा हात थांबला. अप्पांनी ताटातून मान वर केली नाही. मला तो 'घरी' शब्द मागे घ्यायचा होता, पण त्याच्या जागी दुसरा सापडेना. "पोच. मग कर," आई म्हणाली आणि भात वाढला.

गुरुवारी गेर्लिंगेनला दार उघडलं. आत अंधार होता आणि सगळं ठेवलं होतं तसंच होतं. बूट न काढताच मी फोन लावला. पहिल्या रिंगलाच आईनं उचलला.