खांद्याने ओढलेला सूर

हिंगण्याच्या कारखान्यात प्रेसखाली माझा डावा हात सापडला, तेव्हा मला सगळ्यात आधी गिटार आठवली. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. अनामिकेची दोन पेरं गेली. मधलं बोट वाचलं, पण ते पुढे नीट वाकेना.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमांत आम्ही दोघं गाण्याच्या एकाच पार्टीत असायचो. बायको गायची, मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. तिच्या गळ्यात मींड आहे. ती एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जायची आणि मी बोटाने तार वर ढकलत तिच्या मागोमाग जायचो. तार अशी ताणायला जी दोन बोटं लागतात, नेमकी तीच निकामी झाली. जखम भरल्यावर कॉर्ड धरून पाहिले, ते कसेबसे जमले. तार ढकलायला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. गिटार खोळीत घातली आणि पलंगाखाली सारून दिली.

त्या कारखान्यात मला लावून दिलं होतं मोठ्या भावानं. तो स्वतः कळमेश्वरला टूलरूममध्ये फिटर. दवाखान्यात रोज यायचा, पण बोलायचा डॉक्टरांशी, नाहीतर माझ्या बायकोशी. मी वाडीच्या खोलीवर परत आलो आणि त्याचं येणंच थांबलं.

एक दिवस बायकोनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कोणी म्हातारा वादक गिटारची मान नुसती खाली दाबत होता आणि तार आपोआप चढत होती. गळ्यातला पट्टा एका दांडीला अडकवलेला, दांडी गिटारच्या पोटातून तारेपर्यंत गेलेली. गिटार दाबली की पट्टा दांडी ओढतो, दांडी तार ताणते. बोटांचं काम खांदा करतो.

"बंद कर ते," मी म्हणालो.

"तुमाले नसन पाहाचं तं नका पाहू. दादायले दाखवीन मी."

तिनं खरंच दाखवलं. पुढच्या रविवारी सकाळी भाऊ दारात उभा. चहा नको म्हणाला. गिटार काढायला लावली, उलटी करून बघितली, मग म्हणाला, "हात दाखव."

मी हात पुढे केला. त्यानं तो आपल्या दोन्ही हातांत धरला. एकेक बोट वाकवून पाहिलं, तुटलेल्या बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"मीच तुले तिथं लावलं."

"दादा, मशीनचा सेफ्टी सेन्सर बंद होता. तू थोडाच केला होता बंद?"

"माहीत आहे मले. तरी."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. भावानं डोळे पुसले आणि पुन्हा गिटारकडे वळला. "हे मांगून पोखरा लागन. बिघडली तं?"

"तशीही पलंगाखालीच आहे."

तो गिटार घेऊन गेला. एका ओळखीच्याच्या लेथवर, सुट्टीच्या दिवशी, तो ते काम करायचा. पहिल्यांदा जोडून आणलं तेव्हा दांडीच्या टोकाला लावलेल्या पत्र्याच्या धारेवर तार कचकन तुटली आणि माझ्या गालाला लागली. मग त्यानं तिथे पितळेची गुळगुळीत चकती बसवली. आता तार चढायची, पण सोडल्यावर मूळ सुरावर येईना, किंचित चढलेलीच राहायची. त्याला सुरातलं काही कळत नव्हतं. बायको सूर धरायची, मी गिटारची मान दाबायचो, तो स्प्रिंग बदलायचा आणि आमच्या तोंडाकडे बघायचा. शेवटी एकदा तार सा वरून सरळ रे वर गेली आणि परत सा वर येऊन थांबली. बायको गाता गाता थांबली.

"काहून गा, काय झालं?" भावानं घाबरून मला विचारलं.

"जमलं," मी म्हणालो.

जयंतीला आमच्या वस्तीतल्या विहारापुढे मांडव घातला होता. बायकोनं आईवरचं एक संथ गाणं घेतलं. तिचा आवाज वर सरकला तसा मी डावा खांदा ताठ ठेवून गिटार दाबली. बोटांत काहीच जाणवलं नाही, ओढ आली ती थेट खांद्यात. सूर तिच्या पाठोपाठ गेला. भाऊ मागे खांबाला टेकून उभा होता. गाणं संपायच्या आधीच तो मान खाली घालून मांडवाबाहेर निघून गेला. नंतर तो मला चपला ठेवल्या होत्या तिथे सापडला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

पूर्वीचं वाजवणं परत आलेलं नाही. ही दांडी एकच तार ओढते, तीही एका स्वराइतकीच. बाकीच्या तारांवर मी मींड घेऊ शकत नाही, म्हणून काही गाणी आम्ही कायमची सोडली. ती गाणी बायको आता घरी, भांडी घासताना म्हणते. मी त्या वेळी गिटारला हात लावत नाही, बसून ऐकतो.