तहतीबवाले काका

दुसऱ्याच्या डोक्यावर काठी टेकवून त्याच्यावर माया करणारा माणूस टेक्ससमधल्या अख्ख्या प्लेनो शहरात एकच, आमच्या शेजारचे इजिप्तचे काका. सत्तरीत गाव सोडून मुलाकडे राहायला आलेले. अंगात पायघोळ झगा, हातात छातीपर्यंत येणारी काठी. हार्डवेअरच्या दुकानात गेले की पडद्याचे दांडे गरागरा फिरवून बघायचे. एकदा समोरून कार्ट ढकलत येणाऱ्या बाई घाबरून थबकल्या, तर ह्यांनी दांडा कपाळाला लावून त्यांना रीतसर सलाम केला. मी मेलो लाजेने. त्यांच्या गावच्या लग्नात ढोल वाजला की दोघं जण काठ्या घेऊन नाचत एकमेकांभोवती फिरतात आणि समोरच्याचं डोकं उघडं सापडलं की तिथे काठी नुसती टेकवतात; टेकवली की डाव जिंकला. त्या खेळाला म्हणायचं तहतीब. "मारायला काय, कोणालाही येतं," काका म्हणायचे.

हा खेळ एकट्याने होत नाही, म्हणून दर रविवारी मला बॅकयार्डात ओढायचे. पहिल्या दिवशी मी आपला वयाचा मान ठेवून पाया पडायला वाकलो. काकांना आयतंच डोकं मिळालं, टेकवली काठी! बायको खिडकीत हसून हसून बेजार.

काकांचा जीव मात्र एका गोष्टीत अडकला होता. नातीच्या लग्नात मुलाबरोबर एक डाव खेळायचा. "त्यांना पार्किन्सन्स आहे, पडले म्हणजे?" असं म्हणत मुलगा टाळायचा. शेवटी लग्नात तो उठला. दोन फेऱ्या झाल्या आणि त्याने आपलं डोकं सरळ उघडं ठेवलं. सगळ्यांना कळलं. काकांनाही कळलं. त्यांनी काठी टेकवलीच नाही. सलाम केला आणि खुर्चीत जाऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा म्हणाले, "तो खेळला नाही रे. त्याने मला सांभाळलं." मुलाचं तरी काय चुकलं? बापाला हरवायला कोणाचा हात धजावतो?

पुढच्या रविवारी ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. पावलं अडखळत होती. एका वळणावर त्यांचा हात खालीच राहिला आणि ते पांढरं डोकं माझ्यासमोर उघडं पडलं. वाटलं, सोडून द्यावं. मग मी काठी टेकवली, अगदी हलकेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जिंकलो होतो. काकांचा चेहरा उजळला. "आत्ता खेळलास," म्हणाले. मला इतकं भरून आलं की त्यांच्याकडे बघवेना.