पासपोर्टाची सोयरीक

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या. माझ्याएवढा शहाणा माणूस तुम्हाला अख्ख्या औरंगाबादेत सापडायचा नाय.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी. अन् तिकडं वाळूजला कारखान्यावर कारखाने उभे राहत होते. माझा दिलीप तिथंच फिटर. कंपनीनं त्याला नवी मशीन शिकायला जपानला धाडायचं ठरवलं. मेंढरं राखणाऱ्याचा नातू जपानला! पण पासपोर्ट काही येईना. मॅनेजरनं दिलीपला बजावलं, "महिनाअखेर पासपोर्ट दाखव, नायतर तुझ्या जागी दुसरा जाईल."

त्यातच फुलंब्रीहून बायकोच्या भावानं काडी घातली. त्याच्या साडूची पोरगी दिलीपला द्यायची, तीही जपानच्या आधी! तो साडू मला डोळ्यासमोर नको होता. पण नाय म्हणायची सोय आहे का? बायकोच्या भावाला नाय म्हणा अन् मग घरात जेवून दाखवा! त्यानं निरोप धाडला, "साडूचा माणूस पोराची चौकशी करायला येतोय."

मी म्हणलं, येऊ दे. नकार त्यांच्याच तोंडून वदवतो.

अन् आला की एक जण! बायको बाजारात गेलेली. मी पुंडलिकनगरच्या घरी ओट्यावर बसलेलो. साधी पॅन्ट, साधा शर्ट, हातात सायकल.

"दिलीप इथंच राहतो का? त्याची चौकशी करायची होती. मी—"

"कळलं, कळलं! बसा. सगळं खरं सांगतो."

"वागायला कसा आहे?"

"बेकार! पितो."

"लई?"

"पगार झाला की त्याला घर दिसत नाय."

त्यानं खिशातून कागद काढला. मला वाटलं, साडू लई पक्का, लिहून आणायला सांगितलंय!

"भांडण-तंटा?"

"अहो, शहरात बंद असू द्या, पहिला दगड ह्याचाच!"

"कोर्टकचेरी?"

"अजून सापडला नाय, म्हणून नाय."

"तुम्ही त्याचे कोण?"

"सख्खा बाप!"

बिचारा पाणीसुद्धा न पिता गेला. मी ओट्यावर बसून मिशांना पीळ दिला.

महिनाअखेर जवळ आली. पासपोर्टाचा पत्ता नाय. दिलीप धड जेवेना, बोलंना. कुणीतरी सांगितलं, कागद पोलिसांकडं अडकलेत. माझं डोकं सटकलं! क्रांती चौकात उतरलो, तरातरा पोलिसांच्या कचेरीत घुसलो अन् साहेबासमोर सुरूच झालो.

"माझं पोरगं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत नाय! कुणी त्याची बदनामी केली? आणा त्याला पुढं, टाळकंच फोडतो!"

साहेबानं शांतपणे हाक मारली, "जमादार, जरा या इकडं."

आतून तोच आला. आता खाकीत!

मी हळूच दाराकडं सरकलो.

"साहेब, हेच ते," जमादार म्हणला, "सख्खे बाप."

मग काय! सोयरिकीची सगळी भानगड सांगता सांगता मला घाम फुटला. साडूचा माणूस तर आलाच नव्हता. संचारबंदीच्या भीतीनं फुलंब्रीतच बसून राहिला होता. साहेब टेबलावर डोकं टेकवून हसले अन् फेरचौकशी लावली.

पासपोर्ट पार शेवटच्या घडीला आला, दिलीप विमानात बसला, म्हणून आज तुम्हाला सांगायला तोंड आहे. पण फेरचौकशीच्या दिवसाचं ऐका. जमादारानं शेजाऱ्यांना विचारलं, बायकोला विचारलं. मला बाहेर उन्हात बसवलं. "काका, तुम्ही तोंड उघडायचं नाय," वर हा दम!

निघताना बायकोला म्हणतो कसा, "वहिनी, पोरगं सोन्यासारखं आहे. मिळंल त्याला पासपोर्ट. फक्त ते एवढ्या लांब का पळतंय, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

बायकोनं त्याला दुसरा चहा दिला. मला पहिलाही नाय.