कावळ्यांपासून जपावी

श्यामसुंदर गोसावी, म्हणजे खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, दुधाची पिशवीसुद्धा चारी बाजूंनी दाबून बघितल्याशिवाय घरात घेत नाहीत. उभी हयात न्हावा शेव्याला कंटेनरची सीलं तपासण्यात गेली. आत काय भरलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. सील शाबूत दिसलं की गाडी सोडायची. रिटायर झाल्यावर कंटेनर सुटले, संशय सुटला नाही.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मंगळवेढ्याचा, त्यात बॅचलर, म्हणजे संशयित व्हायला अजून काय लागतं? मला मराठी टायपिंग येतं म्हणून गोसावीकाकांनी सोसायटीच्या नोटिशीची ऑनलाइन फाइल माझ्याशी शेअर केली, आणि शेअर केल्यापासून माझ्यावर नजर ठेवली. फाइलचं नाव: 'नोटीस_फायनल_खरी_कुणीही हात लावू नये'.

नोटिशीत हुकूम एकच. गॅलरीत सुकी मासळी वाळत घालण्यास सक्त मनाई. तळमजल्यावरून वासाची तक्रार आली होती. काकांनी फाइलचं नाव दोनदा वाचलं, प्रिंट काढली, बोर्डावर चिकटवली. संध्याकाळी बोर्डासमोर ही गर्दी आणि हशा. कागदावर होतं: 'गॅलरीत सुकी मासळी वाळत घातल्यास कावळ्यांपासून जपावी.'

काकांनी मला तडक घरी बोलावलं.

"काय रे मंगळवेढेकर, सोसायटीची मस्करी?"

"काका, आईशप्पथ, मी हात नाही लावला."

"फाइल दोघांकडेच. मी बदललं नाही. मग काय कावळ्यानं टाइप केलं?"

टेबलावर माझं ना-हरकत पत्र सहीसाठी पडलं होतं. त्याशिवाय घरमालक करार वाढवणार नव्हता. काकांनी ते उचललं आणि ड्रॉवरमध्ये सरकवलं. "दुसरी खोली बघ."

"काका, व्हर्जन हिस्टरी तरी उघडा! कुणी काय बदललं, कधी बदललं, ती फाइल सगळं जपून ठेवते."

फाइलही आपल्याच स्वभावाची आहे म्हटल्यावर काका खूश झाले. "उघड. आता सापडलास."

उघडलं. बदल शनिवारी दुपारी. करणाऱ्याचं नाव: श्यामसुंदर गोसावी.

"माझा पासवर्ड चोरलास?"

"काका, दुपारी तुम्ही काय करता?"

"झोपतो."

"आणि कम्प्युटर?"

"तो चालूच अ..."

स्वयंपाकघरात जयमालाकाकू सुकी मासळी भाजत होत्या. काकू उरणच्या, मासळीवर वाढलेल्या. वास घमघमत होता, पण आपल्या घरातला वास काकांना कधीच वास वाटला नव्हता. ते उठले, गॅलरीत गेले आणि दोरीवरच्या जुन्या साडीचं टोक उचललं. खाली ओळीने बोंबील.

"अहो, साडी परत टाका बघू," काकू आतून ओरडल्या. "कावळे टपलेत."

काकांनी साडी परत टाकली. टोकं नीट सारखी केली. मग येऊन कम्प्युटरपुढे बसले. बोट जुना मजकूर परत आणणाऱ्या 'रिस्टोअर'वर गेलं, तिथेच राहिलं.

"जेवायला बसताय ना? बोंबलाचं कालवण आहे."

बोट न दाबताच मागे आलं. काकांनी फाइल बंद केली, माझ्याकडे रोखून बघितलं.

"गॅलरीत काय बघितलंस?"

"साडी."

"अजून?"

"नुसती साडी, काका."

त्यांनी ड्रॉवर उघडून पत्र काढलं. सही केली, पण त्याआधी अख्खं पत्र वाचलं. मागची कोरी बाजूसुद्धा.