कुंपणावरची गुळवेल

सकाळी शेजारच्या सुमनताई कुंपणावरून हात घालून आमची गुळवेल कापत होत्या. त्यांच्या यजमानांसाठी काढा करायचा होता. दव पडलेली ती पानं इतकी गरीब दिसत होती, की त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे देवघरातल्या समईवर संशय घेणं.

आपल्याकडे औषध म्हणजे गोळ्यांच्या डब्यात असतं ते. ओट्यावर उकळते ती माया. आमच्या ह्यांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काही घेतात का?" मी तिन्ही वेळा नाही म्हटलं, आणि खोटं बोलतेय असं मला जराही वाटलं नाही. घरी येऊन, अंगात ताकद यावी म्हणून, ह्याच वेलीच्या रोजच्या काढ्याचा पेला काठोकाठ भरला. यकृत गेलं, मग हे गेले. काढ्यानंच का, हे आता कोण सांगणार? वेल मात्र जोमात आहे.

"डॉक्टरांना विचारून द्या हो," मी म्हटलं.

सुमनताई हसल्या. "काढ्याचं काय विचारायचं डॉक्टरांना? तुम्ही विचारलं होतं?"

"नाही."

त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी आणखी एक कांडं कापून घेतलं.